शांघायहून आणलेली पिशवी

शांघाय कसं होतं हे मला नका विचारू, माझ्या सासूबाईंच्या पिशवीला विचारा!

आई पुण्याहून आमच्याकडे टोकियोला राहायला आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी मी त्यांना बजावलं होतं, "इथे रस्त्यावर कचरापेटी नसते हं. आपला कचरा आपण घरी न्यायचा."

मग सुट्टीत आम्ही इथली तीन मराठी कुटुंबं मिळून शांघायला गेलो. दिवसभर आम्ही गाइडच्या झेंड्यामागे पळतोय आणि आई आमच्यामागे. कुणी संत्रं सोललं, कुणी चहा संपवला, की आई लगेच पिशवी पुढे करायच्या. मला वाटलं, खाऊ वाटतायत. माझ्या नवऱ्याने, मकरंदने तर ती पिशवी खांद्याला अडकवून तिथला उंच टॉवरसुद्धा बघितला.

परत आल्यावर टोकियोच्या विमानतळावर कस्टमवाल्याने पिशवी उघडली. आत संत्र्याची सालं, कागदी कप, चिवड्याची रिकामी पाकिटं! त्याने जपानीत विचारलं, "हे काय आहे?"

आईंनी माझ्याकडून शिकलेला एकुलता एक जपानी शब्द ऐटीत सांगितला, "गोमी." म्हणजे कचरा.

त्याने सालं तेवढी काढून घेतली आणि उरलेला कचरा दोन्ही हातांनी, वाकून, आईंना परत दिला.

बाहेर आल्या आल्या मी भडकले. "अहो आई, शांघायमध्ये पावलापावलावर कचरापेट्या होत्या!"

"दिसत होत्या की," आई शांतपणे म्हणाल्या आणि पिशवी माझ्या हातात दिली. "पण म्हटलं, सूनबाईंनी घरी न्यायला सांगितलंय."