बोटांचा घाम

चंदीगडच्या बसस्टँडवर झडतीची रांग अचानक पांगली, तशी वीणाताई कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसल्या. पाठीमागच्या बाकावर चक्क मराठी चाललं होतं.

“भाऊजी, हवालदारानं पिशवी उघडली तेव्हा तुम्ही काय म्हणालात?”

“हाथ मत लगाना, म्हणालो.”

“पंजाबात? अतिरेक्यांच्या या दिवसांत? पोलिसाला?”

“अरे श्याम, नवीन बेअरिंग आहे. बोटांचा घाम लागला की तिथंच गंज धरतो. कारखान्यात आम्ही मालकालाही हात लावू देत नाही.”

“तो बॉम्ब समजून पळाला.”

“पळू दे. पिशवी उघडीच टाकून गेला, धूळ जाईल की. उद्या ट्रॅक्टरवाल्यांना नमुना दाखवायचाय. एवढा पास झाला तर आमचा कारखाना तरेल.”

“बसा खाली. मी त्यांच्या साहेबांशी बोलून आलोय. तुमचं ओळखपत्र पटलं, तुम्हाला सोडलंय.”

“माझं राहू दे. बेअरिंगला कुणी हात लावला?”

“कुणीही नाही. लांब काठीनं उचललं.”

“शहाणी माणसं. कुठं ठेवलंय?”

“पाण्याच्या बादलीत. खात्री होईपर्यंत बुडवूनच ठेवणार आहेत.”