एलोजी तेल्याचा हात

मंडळी, ऐका! माणूस गेला, की मागं काय उरतं? घर? ते पुतण्यांचं होतं! नाव? खरं सांगा — आपल्या पणजोबांचं नाव किती जणांना येतं? ...हां, झाली शांतता!

आपल्या इब्री, म्हणजे हिब्रू शास्त्रात हाताला म्हणतात 'याद'. साधा हात! ताकद म्हणायची तरी तोच शब्द. आणि माणसाची खूण म्हणून उभारलेला दगड — त्यालाही 'याद'! मी तरुणपणी म्हणायचो, ही काय भाषा झाली? दगडाला कुठं बोटं असतात? मग मला एलोजीची गोष्ट कळली.

एलोजी तेली. रेवदंड्याच्या खाडीकाठी त्याचा घाणा. मूलबाळ नाही, आणि स्वभाव — अहो, घाण्याचा बैल बरा! धाकटा भाऊ हस्साजी. एका शुक्रवारी आभाळ इतकं भरलं, की सूर्य बुडाल्याचं हस्साजीला कळलंच नाही. शब्बाथ, आपला विसाव्याचा दिवस, लागला तरी याचा बैल आपला फिरतोय! आपण शनिवार तेली. शब्बाथला घाणा बंद, म्हणून तर ते नाव! एलोजी दारात येऊन ओरडला, "बाटवलास घाणा! आजपासून तुझा हात घेणार नाही मी!"

"दादा, चुकलो," हस्साजी म्हणाला. पण ऐकतो कोण!

आता आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. प्रार्थना संपली, की ती चालवणारे हज्जान शेजारच्याचा हात दोन्ही हातांत घेतात, मग आपली बोटं ओठांना लावतात. तो पुढच्याचा घेतो, पुढचा त्याच्या पुढच्याचा — असा हात सगळ्या सिनेगॉगभर फिरतो. हस्साजी समोर आला, की एलोजी हात अंगरख्यात घालायचा. एक नाही, दोन नाही — अकरा वर्षं! आणि हस्साजी दर शनिवारी हात पुढं करायचाच. बायको चिडायची, "किती अपमान करून घ्याल?" हा म्हणे, "द्यायचा म्हणून देतो. त्यानं घ्यावा, न घ्यावा."

म्हातारपणी एलोजीनं स्वतःच्या नावाचा दगड घडवून घेतला. दगड अंगणात येऊन पडला, आणि आठ दिवसांत एलोजीच्या अंगावरून वारं गेलं! उजवी बाजू लुळी. तरी शनिवारी दोघांनी धरून सिनेगॉगात आणला. प्रार्थना संपली. हात फिरत फिरत आला — आणि एलोजीचा उचलेचना! शेजारचा थबकला. न उचललेला हात घ्यावा तरी कसा? तो पुढं सरकला. दुसराही सरकला. एलोजी मान खाली घालून बसला. अकरा वर्षं भावाला काय वाटलं असेल, ते मंडळी, त्याला तेव्हा कळलं.

हस्साजी उठला. त्याच्यापुढं खाली बसला. मांडीवरचा तो लुळा हात दोन्ही हातांत घेतला, आणि आपली बोटं ओठांना लावली.

"हस्सू," एलोजीची जीभ जड, "मी... कधी दिला नाही रे."

"मी घेतला ना, दादा!"

ढसाढसा रडला हो एलोजी!

तो दगड मी पाहिलाय. शेवाळलाय, अक्षरं लागत नाहीत. पण ही गोष्ट मला हस्साजीच्या म्हाताऱ्या नातीनं सांगितली. सांगून होईपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.

आता कीर्तन संपलं, की इथंही हात फिरेल. कोण कुणापासून लांब बसलंय, ते मला इथून चांगलं दिसतंय हं! पण तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू? हे पेटीवाले शालोमभाऊ माझे मेहुणे. दोन महिने आम्ही फक्त सुरात बोलतोय — आणि चूक माझी आहे. शालोमभाऊ, तो भाता सोडा जरा. आणा तो हात इकडं!