प्रश्न काढणाऱ्या प्राइसबाई

सन्माननीय अध्यक्ष प्रॉसरसाहेब, आजच्या सत्कारमूर्ती डॉक्टर ग्वेनलियन प्राइस, मुलांच्या वॉर्डच्या सिस्टर मेअर, आणि समोर केक दिसत असूनही खुर्चीत टिकून राहिलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी हॅरिएट क्वेस्टेड, बाईंच्या हाताखाली घडलेली. वेल्सच्या या किनाऱ्यावर मी काही हौसेनं आले नव्हते. नव्या डॉक्टरांच्या नेमणुकीआधी आमची एक परीक्षा व्हायची. वॉर्डातला एखादा पेचप्रसंग द्यायचे, खाली पाच पर्याय, आणि सर्वांत योग्य ते सर्वांत अयोग्य असा क्रम आम्ही लावायचा. मला घराजवळ, केंटमध्ये राहायचं होतं. गुण इतके कमी पडले की इथे आले! आल्यावर कळलं, त्या परीक्षेचे प्रश्न काढणाऱ्या मंडळात आमच्या बाईच.

एक प्रश्न असा होता: तुमचे वरिष्ठ आज काम करण्याच्या स्थितीत नाहीत, तुम्ही काय कराल? 'त्यांच्याशीच एकांतात बोलेन' हा पर्याय मी सगळ्यांत खाली टाकला होता. बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "तो माझाच प्रश्न. खाली कसा गं टाकलास?" मी म्हटलं, "भीती वाटली." त्यावर त्या मनापासून हसल्या.

त्याच वर्षी हिवाळ्यात त्यांचे पती एम्लिन अंथरुणाला खिळले. रात्रभर त्यांच्या उशाशी आणि सकाळी आमच्या राउंडला, असं बाईंचं चाललं होतं. रजा घ्या म्हणायची कोणाची छाती होती? एका सकाळी त्यांनी एका चिमुरडीचं औषध लिहिलं, त्यात एक शून्य जास्त पडलं. माझं वर्ष पास की नापास, हे बाईंच्याच हातात होतं. तरी मी त्यांना बाजूच्या खोलीत नेलं.

"बाई, डोस दहापट झालाय. आणि तुम्ही आज घरी जा."

"आणखी कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही. आधी तुम्हाला."

त्यांनी माझ्या हातून कागद घेतला. मग स्वतःच्या हातानं डोस दुरुस्त केला, बदली डॉक्टरांना फोन लावला, कोट चढवला. दारात थांबून म्हणाल्या, "थँक्यू, हॅरिएट. प्रश्न लिहिणं सोपं होतं गं."

पुढे मंडळाच्या बैठकीत त्यांनी ही हकिगत सगळ्यांसमोर, स्वतःचं नाव घेऊन सांगितली. मोठेपणा आणखी कशाला म्हणायचं? अशा बाईंच्या हाताखाली मी शिकले, याचा मला फार अभिमान आहे.

आता माझ्याही हाताखाली नवे डॉक्टर आहेत. गेल्या महिन्यात एकानं माझी चूक मला तोंडावर सांगितली. राग आला, खोटं कशाला बोलू? पण तोंडातून आधी 'थँक्यू'च निघालं. बाई, परीक्षेतलं नव्हे, पण तेवढं उत्तर मी तुमचं बघून लिहिलंय.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि बाई, तुम्ही मात्र तोंडावर सांगा.