सदतिसावा फोटो

— नाही नाही, ते झाकण नको मिस्त्री, तिथे नुसता दिवा आहे. डावीकडचं काढा. हां, तेच. स्क्रू एकच आहे, बाकीचे तीन मीच कधीतरी हरवले. आणि वाकताना डोकं सांभाळा, वरचा पत्रा धारदार आहे — ही बघा, माझ्या कपाळावर अजून खूण आहे. चहा सांगू? नको? बरं. तुम्ही झेरॉक्सची मशीनं बघणारे, हे तुमच्या वस्तादाच्या काळातलं, म्हणून थोडं समजावून सांगतो, चालेल ना? या डब्यात कागदाचा रोल बसायचा, लांबच लांब. उजेड लागला की कागद कामातून गेला, म्हणून अंधाऱ्या खोलीत चाचपडत भरायचा. आणि इकडून गिऱ्हाइकांच्या फिल्म — एकीच्या शेपटाला दुसरीचं तोंड चिकटपट्टीने जोडलेलं, अशी रांगच्या रांग. दिवा लागला, खट्, एक फोटो कागदावर. कागद पुढे सरकला, खट्, दुसरा. साठ-सत्तर गिऱ्हाइकांचे फोटो एकाच पट्टीवर. मग कुणाचे कुठे संपले हे कापणाऱ्या पात्याला कळणार कसं? तर हा पंच. तुमच्या बोटाखाली आहे बघा, तोच. एका गिऱ्हाइकाची फिल्म संपली की हा कागदाच्या कडेला भोक पाडायचा. भोक आलं की पाकीट संपलं, पुढचं सुरू. आणि भोक एक फोटो पुढे-मागे पडलं तर? तर काय, एकाच्या घरातला माणूस दुसऱ्याच्या पाकिटात.

मला फक्त एवढंच बघून हवंय — हा पंच घसरत होता का. बस. मशीन विकायचंय, गिऱ्हाईक विचारतंय, म्हणून. — हो, चौदा वर्षं बंद आहे. — हो, भंगारवालाच आहे गिऱ्हाईक, आता तुमच्यापासून काय लपवायचं. भंगारवाल्याला पंचाशी काय देणंघेणं म्हणता? खरंय. तुम्ही हुशार आहात. बरं, बघा तरी. ती कागदाची पट्टी घाला आणि हाताने दांडा फिरवा. एक... दोन... पडलं भोक? सरळ पडलं? पुन्हा बघा. दहा-वीस वेळा बघा, घाई नाही. पाचला एक माणूस यायचाय माझ्याकडे, तोवर वेळच वेळ आहे.

समोरच्या शाळेत होते ते, गणित शिकवायचे. सगळे त्यांना मास्तरच म्हणतात, निवृत्त झाले तरी. गेल्या आठवड्यात आले. मी पुढे पासपोर्टचे फोटो काढत होतो, ते बाकावर बसून राहिले, सगळे जाईपर्यंत. मग खिशातल्या पैशाच्या पाकिटातून एक फोटो काढला. एकोणीस वर्षं पाकिटात ठेवलेला, मिस्त्री! चारही कोपरे झिजलेले, मधे घडीची पांढरी रेघ. एक माणूस बनियनवर लोखंडी खाटेवर बसलाय आणि कॅमेऱ्याकडे हात करून हसतोय — काढू नको, काढू नको असं म्हणताना हसतात ना, तसा. मागे भिंतीवर कॅलेंडर, खिडकीत बायकी फणी. मास्तर म्हणाले, तुमच्याकडे आता कॉम्प्युटर आहे, हे कॅलेंडर मोठं करून द्या. त्याच्यावर दुकानाचं नाव असेल, गाव असेल. ही खोली कुठली ते मला कळायला हवं. रविवारच्या आत.

रविवारी का, ते सांगतो. त्यांची बायको एकोणीस वर्षं वेगळी राहते. भावाच्या गावी गेली होती, मग तिथेच एक खोली घेतली, कपडे शिवायची. आता हातपाय थरथरतात तिचे, सुई धरवत नाही, एकटीला ठेवता येत नाही. मुलगी येऊन बापाला म्हणाली, बाबा, रविवारी मी आईला माझ्याकडे नेते आहे, तुम्ही आलात तर तिला बरं वाटेल, नाही आलात तर मी पुन्हा विचारणार नाही. तर मास्तर मला म्हणतात — अहो, अगदी शांतपणे, फळ्यावर गणित मांडावं तसं — जायची तयारी आहे माझी, पण आधी हा माणूस कोण ते कळू दे, त्याशिवाय मला तिच्या तोंडाकडे बघता येणार नाही.

किती झाले? अकरा? अकराही सरळ? जरा जोरात फिरवून बघा ना, त्या काळी हे तासाला हजार-हजार फोटो काढायचं, असं हळू हळू थोडंच चालायचं.

तो फोटो आमच्याकडचाच. याच मशीनवरचा. मास्तर तेव्हा कसल्याशा शिबिराला पंधरा दिवस परगावी गेलेले. कॅमेरा बायकोचा. तिने मुलीचे फोटो काढले सायकलवर, गच्चीवर, शेजारच्या मांजराचे, आणि रोल आमच्याकडे टाकला. पाकीट मास्तरांनीच नेलं, घरी जाऊन उघडलं, आणि सगळ्यात शेवटी हा बनियनवाला. म्हणजे आपण गावाला असताना बायको कुणाच्या तरी खोलीवर गेली, खाटेसमोर उभी राहिली आणि हसतखेळत फोटो काढला! दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात. तिचे डोळे सुजलेले. त्या वेळी मी इथे नोकरीला होतो, दुकान माझं नंतर झालं; मालक गल्ल्यावर, काउंटरला चार गिऱ्हाइकं. मालकांची सवय, येईल त्याला सांगायचे — आमचा मशीनवाला बारा वर्षं काम करतोय, एका पाकिटाची गफलत नाही. त्या दिवशीही नुकतंच कुणालातरी सांगून झालं होतं. आणि ती मला म्हणाली, दादा, तुम्ही यांना सांगा ना. हा फोटो आमचा नाही, आमचा रोल छत्तीसचा, हा सदतिसावा आहे. आणि याची निगेटिव्हही आमच्या पाकिटात नाही. एकदा सांगा फक्त.

तर तेव्हा मी म्हणालो, छत्तीसच्या रोलवर सदतीस निघतात पुष्कळदा. खरंच निघतात मिस्त्री, हे काही मी मनाचं सांगत नाही! फिल्म नीट भरली की एखादा जास्तीचा येतोच. आणि निगेटिव्ह का नाही? तर तो शेवटचा तुकडा चिकटपट्टीत अडकतो, आम्ही तो कापून टाकतो, केराच्या डब्यात. हेही खरं आहे. कधी कधी. दोन्ही गोष्टी खऱ्या. कुणीही मशीनवाला तुम्हाला हेच सांगेल. मास्तर हिशेबी माणूस, त्यांना ते पटलं. त्यांनी मान डोलावली आणि मला धन्यवाद दिले. धन्यवाद, मिस्त्री! ती काउंटरची कड दोन्ही हातांनी धरून उभी राहिली नुसती, मग तिने पदर सारखा केला आणि ती त्यांच्या मागे निघाली. महिन्याच्या आत मुलीला घेऊन गेली.

म्हणून म्हणतो, एक चिठ्ठी लिहून द्या. तुमच्या छापील कागदावर. पंच नादुरुस्त होता, भोक पुढे-मागे पडत होतं, एवढंच. मास्तर पाचला येतील, मी त्यांच्या हातात देईन, हे बघा, माहीतगार माणसाने तपासलं, दोष मशीनचा. त्यांचं समाधान होईल, ते रविवारी जातील, तिचं नाव स्वच्छ होईल. कुणाचं काय बिघडतं? मशीनला थोडीच अब्रू आहे! — काय? — वीसच्या वीस सरळ. — हो, दिसतंय मला, माझेही डोळे आहेत. — नाही लिहिणार? अहो, दोन ओळी तर लिहायच्यात! एक बाई एकोणीस वर्षं... बरं. बरं, राहू दे. खोटं लिहायचं नाही म्हणता. बरोबर आहे तुमचं, मी कोण तुम्हाला सांगणारा.

पंच घसरला नव्हता. मला माहीत आहे. त्या दिवशी त्यांच्याच फिल्मच्या शेवटाला कागदाचा रोल संपला. नवा भरला की पहिलं भोक हाताने पाडावं लागायचं, हे बटण दाबून. ते कधी दाबायचं हे मलाच बघायचं होतं, आणि मी एक फोटो उशिरा दाबलं. का? काही नाही हो. सांगण्यासारखं कारणसुद्धा नाही. मालकांशी क्रिकेटवरून वाद चालला होता, मी मान वळवून बोलत होतो. पुढच्या पाकिटातला पहिला फोटो यांच्या पाकिटात शेवटचा झाला. एवढीशी चूक, तेवढ्यावर कुणाचं काही गेलं नसतं, त्या क्षणी हो म्हटलं असतं तर दोघं हसत घरी गेली असती.

तेव्हा मला माहीत नव्हतं असं वाटतंय ना तुम्हाला? मलाही तसंच वाटत राहावं म्हणून मी खूप खटपट केली. पण तिसऱ्या दिवशी नर्सबाई आल्या. पुढचं पाकीट त्यांचं. नवं लग्न झालेलं, नवी खोली घेतलेली. म्हणाल्या, भाऊ, एक फोटो कमी आहे, आमच्या ह्यांचा, खाटेवर बसलेला, निगेटिव्ह आहे बघा पहिलीच. मी ती निगेटिव्ह दिव्यासमोर धरली. खाट, कॅलेंडर, फणी, सगळं. मी तिथल्या तिथे फोटो काढून दिला, वर एक मोठा करून फुकट दिला. त्या खूश होऊन गेल्या. आणि मास्तरांचं घर इथून किती? ती पाण्याची टाकी दिसते ना, तिच्या मागे. चार मिनिटं. ती अजून घरात होती तेव्हा. सामान बांधत असेल. मी चार मिनिटं चाललो नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ, मालकांना कळलं तर नोकरी जाईल, आणि नवरा-बायकोचं काय, भांडतात आणि मिटतं. घराला कुलूप दिसलं तेव्हा मला, देवाशपथ, हायसं वाटलं. 

आणि आता एवढं बोललोच आहे तर... हा फोटो घ्या. मास्तरांचाच आहे, मोठा करायला ठेवून गेले तो. उलटा करा. मागे फिकट आकडे दिसतायत? बाहेरच्या माणसाला ते नक्षीसारखे वाटतात, कुणी बघतही नाही. मशीन प्रत्येक फोटोच्या पाठीवर छापायचं ते — आधी पाकिटाचा नंबर, मग फोटोचा. मास्तरांचं पाकीट चारशे सोळा. यावर काय आहे? वाचा. चारशे सतरा. पुढे एक. चारशे सतराचा पहिला फोटो. एकोणीस वर्षं हा आकडा त्यांच्या खिशात आहे. माणूस गणिताचा, पण त्यांनी पुढचीच बाजू बघितली, मागची कुणी सांगितलीच नाही.

मशीनवाल्याच्या हातात फोटो आला की तो आधी उलटा करतो. सवयच ती, त्यात विचार नसतो. तिने काउंटरवर तो माझ्या हातात दिला, दादा म्हणाली, आणि मी उलटा केला. आणि वाचला. नर्सबाई यायच्या दोन दिवस आधी, मिस्त्री. वाचला, पुन्हा सुलटा केला, आणि मग म्हणालो, छत्तीसच्या रोलवर सदतीस निघतात. ती माझ्या बोटांकडे बघत होती. तिला आकडे कळत नव्हते, पण मी काहीतरी वाचलं हे तिला कळलं. मी तेवढं ओळखलं.

नका, काही बोलू नका. धीरबीर देऊ नका मला. — नोकरी? गेली असती कदाचित, दुसरी मिळाली असती. नोकरीची भीती नंतर सुचली. त्या वेळी एवढंच होतं की चार गिऱ्हाइकं बघत होती, मालक बघत होते, आणि बारा वर्षांत माझी गफलत झाली नव्हती.

ते बघा, टाकीपाशी. छत्री काखेत, हळू चालतात आता. पाचला पाच कमी आहेत, त्यांचं असंच, कधी उशीर नाही. मिस्त्री, तुम्ही निघा. — नाही, झाकण राहू द्या, हत्यारं उद्या न्या. मागच्या दाराने जा. तुमची सोबत बरी वाटली असती, पण नको. तुम्ही इथे उभे असलात, नुसते भिंतीला टेकून उभे असलात तरी मी पुन्हा काहीतरी सांगेन, पंचाबिंचाचं, मला ठाऊक आहे. माझं बोलणं फार सफाईदार आहे हो. लोक धन्यवाद देतात. जा, दार ओढून घ्या.

या मास्तर. बसा. कुणी नाही, एकटाच आहे मी.