सोडलेली चिंधी

चाँद: सांगतो ना वैनी, एकबी चिंधी न्हाई बाभळीवर. सगळे घरी आले. म्हणून तर काहील वर ओढून ठिवली.

रतनबाई: चाँदभाई, माझं ऐका. काहील परत पाण्यात घाला.

चाँद: हे वारं बगा आधी. गूळ करायची काहील हाय ती, आगबोट न्हाई. असल्या वाऱ्यात गरगर फिरती. कोण ऱ्हायलंय पल्याड?

रतनबाई: आमची सून ऱ्हायलीय.

चाँद: उज्ज्वला? तिची चिंधी न्हाई की. सकाळी माझ्यासमोर बांधली तिनं. हिरवी, दुहेरी गाठ मारून. मी म्हणलंबी, पोरी, सातवा लागलाय, संभाळून बस. दुपारी बघितलं तर चिंधी गायब. बंकट आपला तराफा घेऊन मासे धरायला गेलता, म्हणलं त्याच्यासंगं आली असंल.

रतनबाई: न्हाई आली. म्या दोनदा उतारावर येऊन गेले. ती चिंधी... वाऱ्यानं गेली असंल.

चाँद: दुहेरी गाठ वाऱ्यानं सुटती व्हय? फाटली असती तर काट्याला तुकडा ऱ्हायला असता. धरण भरलं, आपली टेकडी पाण्यात एकटी पडली, तवापासून मी त्या बाभळीकडं बघून काहील घालतो. पल्याडचं माणूस हितनं दिसत न्हाई, हाक येत न्हाई. जाताना चिंधी बांधायची, आल्यावर ज्याची त्यानं सोडायची. एवढ्यावर आपलं गाव चालतं. दुसऱ्याच्या चिंधीला हात लावायचा न्हाई.

रतनबाई: घरच्या थोरल्यानं सोडली तर चालती.

चाँद: चालती. माणूस कायमचं गाव सोडून गेलं तर. न्हाईतर मेलं तर. तुमच्या घरात थोरलं कोण हाय, वैनी?

रतनबाई: आता तेबी इचारा.

चाँद: इचारायलो.

रतनबाई: म्याच सोडली.

चाँद: कावून?

रतनबाई: सकाळी वाजलं आमचं. म्हणली, आत्याबाई, बाळंतपणाला माजलगावला बहिणीकडं ऱ्हाते, हितं अवेळी पोटात दुखलं तर मला कोण नेणार. खरंच बोलली हो, खोटं काय त्यात? पर माझ्या डोस्क्यात भलतंच शिरलं. तात्याबाची सून अशीच गेली बाळंतपणाला. मागनं तात्याबा गेला, दाराला कडी लागली. दगडाबाईच्या घराचं तेच झालं. साठ घरं हुती आपली, अकरा ऱ्हायली. म्हणलं, आता आमचंबी दार लागतंय. पोरगा परमेश्वर मेंढरं घेऊन महिनाभर घाटाखाली. मी एकलीनं भिंतीशी बोलायचं का? ती गेल्यावर उतारावर आले आन् म्हणलं, जायचं तर जा, हितं कुणी तुझी वाट बघणार न्हाई. सोडली गाठ.

चाँद: जित्या माणसाची.

रतनबाई: पोटुशी बाईची. म्हणा की, माझ्या तोंडावर म्हणा.

चाँद: मी काय म्हणू? तुमीच म्हणलाव. कपडे नेले का तिनं? राहायच्या तयारीनं गेलती का?

रतनबाई: घरी जाऊन बघितलं तर सगळी लुगडी दांडीवर. रक्तवाढीच्या गोळ्या फडताळात. फोनसुद्दा चार्जिंगला लावलेला. माझ्यासाठी भाकरी करून, झाकून गेलती. नुसतं तपासायला गेलती ती, चाँदभाई. तवाच यायचं, पर तुमाला सांगायला तोंड उघडना. चाराला येते म्हणलती.

चाँद: सहा वाजून गेले. आन् आज पाणी चढायलंय.

रतनबाई: पाऊस न्हाई, पाणी न्हाई, चढतंय कुठनं?

चाँद: वरच्या धरणातनं कालव्यानं हितं सोडलंय, पहाटंपासून. दुपारी माझ्या काहीलीचा खुंट कोरडा हुता, आता बुडलाय.

रतनबाई: चढू दे की. ती तिकडं काठावर बसली असंल ना.

चाँद: बसली असली तर ठीक. उन्हाळ्याचं लोक जुन्या सडकेनं येतात, गुडघाभर पाण्यातनं. तीबी येती.

रतनबाई: पर त्या सडकेवर मोरी हाय.

चाँद: फुटलेली मोरी. खाली दोन पुरुष खोल. आपण कडेनं काठ्या रोवल्यात, त्या धरून वळसा घालायचा. सकाळी काठ्या हातभर वर हुत्या. दुपारी नुसते शेंडे दिसत हुते.

रतनबाई: आता?

चाँद: धरा ती कड. ओढा. मधोमध बसा आन् काय बी झालं तरी उठू नका.

(काहील पाण्यात गेली. रतनबाई मधोमध उकिडवी बसली आणि दोन्ही हातांनी तिने काठ धरला. चाँदने वल्हवत काहील पल्याड लावली. तिथे सोमनाथ आपल्या शेळ्या घराकडे वळवत होता.)

सोमनाथ: चाँदभाई? ह्या वाऱ्यात कुठं निघालाव? इतका वेळ कुठं हुताव, म्हंजी?

चाँद: सोमनाथ, आमच्या गावची पोर बघितली का? उज्ज्वला. पोटुशी हाय.

सोमनाथ: बघितली की. चार वाजल्यापासून ह्या लिंबाखालीच हुती. दर घडीला उठून पाण्याकडं बघायची. म्या म्हणलं, बस निवांत, चाँदभाईनं आजपातूर कुणाला ठिवलं न्हाई, चिंधी बघून येतोच तो.

रतनबाई: मग कुठं हाय ती? घरी नेली का तुझ्या?

सोमनाथ: म्हंजी, तुमाला भेटली न्हाई? गेली की.

चाँद: कशी गेली?

सोमनाथ: सडकेनं. त्या टेकाडाच्या मागनं, म्हणून तुमाला दिसली नसंल. माझ्याकडनं काठी मागून घेतली. अर्धा तास झाला असंल बगा.

चाँद: तू जाऊ दिलीस?

सोमनाथ: लई सांगितलं हो. पाणी वाढलंय म्हणलं, माझ्या घरी मुक्काम कर, बायको हाय, पोरी हायेत. ऐकंना. म्हणली, न्हाई दादा, आत्याबाई सकाळी माझ्यावर रागावल्यात. आज मी मुक्काम केला तर त्यांना वाटंल, मी गेलेच.

चाँद: वैनी. वैनी, खाली बसू नका, चिखल हाय.

रतनबाई: असं म्हणली?

सोमनाथ: व्हय. आन् म्हणली, त्या माझ्याबिगर जेवत न्हाईत.

चाँद: सोमनाथ, हितनं मोरीपातूर किती वेळ लागतो?

सोमनाथ: पोटुशी बाई, पाण्यातनं चालायचं, म्हंजी... तेवढाच लागतो, अर्धा तास.

चाँद: शेळ्या सोड. बॅटरी घे, आन् काठानं सडकेपातूर पळ. वैनी, उठा, काहीलीत बसा. सडकेच्या अंगानं जाऊ. मला वल्हं सोडता येत न्हाई, हाका तुमी मारायच्या.

रतनबाई: मारते.

चाँद: मारा की मग. वारं तिकडंच चाललंय, ऐकू जाईल तिला.

रतनबाई: तीन वर्सं झाली तिला येऊन. 'ए' म्हणलं, 'अगं' म्हणलं. नावानं कधी हाक मारली न्हाई म्या.

चाँद: आता नावानं मारा.

रतनबाई: मारायलेच हो, चाँदभाई. आवाज निघना.