उंच बसलेल्या दाढा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, पळसटोल्याच्या सरपंच सोमारीबाई पोटावी. व्यासपीठावर बसलेले, हा दातांचा दवाखाना चालवणाऱ्या संस्थेचे सचिव आदेश सर. रोज माझ्यासोबत खुर्चीशी उभे राहणारे खुशालभाऊ. आणि समोर सतरंज्यांवर बसलेल्या माझ्या बाया आणि भाऊ, सगळ्यांना जय भीम, जय सेवा, नमस्कार.

निरोपाच्या सत्काराला उत्तर म्हणून काय बोलायचं ते मी भद्रावतीला आईला फोन करून विचारून ठेवलं होतं. ती म्हणाली, सगळ्यांचे आभार मान आणि रडण्याआधी खाली बस. ते भाषण आता बाजूला ठेवते. तुमच्याकडे आधी पंगत आणि मग सत्कार. उलटं असतं, तर मी शाल-श्रीफळ घेऊन हसतमुखानं गाडीत बसले असते.

आत्ताच आदेश सर म्हणाले, "डॉक्टर हर्षा रामटेके यांनी भरलेला एकही दात तक्रार घेऊन परत आला नाही." तुम्ही टाळ्या वाजवल्या. सर, ते वाक्य तुम्हाला मीच सांगितलं होतं. चंद्रपूरच्या मुलाखतीतही छाती फुगवून तेच सांगून आले. नवी नोकरी बहुधा त्याच वाक्यावर मिळाली. टाळ्या वाजत होत्या, तेव्हा मला या शालीखाली तोंड लपवावंसं वाटत होतं.

तुमच्या गावची रीत आहे, जाणाऱ्या माणसानं शेवटच्या पंगतीला आपल्या हातानं वडे वाढायचे. मी आनंदानं टोपली घेतली. वाढणाऱ्यानं ताटाकडे पाहावं, पण जित्याची खोड, मी जबड्यांकडे पाहिलं. लटारूभाऊ वडा वरणात बुडवून तो मऊ व्हायची वाट पाहत होते. म्हटलं, वयाचं माणूस. पुढे मनकर्णाबाई. त्या घास बोटानं डावीकडे ढकलत होत्या. त्यांची उजवी दाढ मी भरली आहे. त्यांच्या पुढची बाईही तशीच, तिच्या पुढचीही. ज्यांची उजवी भरली ते डावीकडून चावत होते, ज्यांची डावी भरली ते उजवीकडून. टोपली हातात धरून मी तिथंच उभी राहिले.

मनकर्णाबाईंजवळ बसले आणि विचारलं. आधी त्यांनी वड्याची तारीफ केली. मग लटारूभाऊंकडे पाहिलं. ते म्हणाले, "काई नाई बाई, आता सवय झाली."

सवय! सोसायची सवय लावायला सरकारनं मला दातांचं शिक्षण दिलं का?

झालं काय, ते साध्या शब्दांत सांगते. दात भरताना वरचा मसाला केसाएवढा जरी उंच राहिला, तरी तोंड मिटताना तोच दात आधी टेकतो. घासाचा सगळा भार त्याच्यावर पडतो. मग चावताना कळ येते, गार पाणी झोंबतं, कधी कानापुढचा जबडाही दुखतो. भरल्यावर एक-दोन दिवस थोडं ठणकतं, ते चालतं. पण पुढेही दात मिटताना तो दात आधी लागतो असं वाटलं, तर तो आपोआप बसेल म्हणून थांबायचं नसतं. डॉक्टरनं निळा कागद दातांत धरायचा, माणसानं चावायचं, इकडेतिकडे घासायचं. उंच जागी निळा ठिपका उमटतो. तेवढंच घासून काढायचं. बहुतेक वेळा इंजेक्शनही लागत नाही. चहा उकळेपर्यंत काम होतं. मात्र न चावताच ठणका लागला, सूज आली, तर ते दुखणं वेगळं. तेव्हा दात नीट तपासूनच घ्यायचा.

मग मी कागद धरला नव्हता का? धरला होता. पण तुम्हाला आडवं निजवून, अर्धा जबडा बधिर असताना विचारलं, "बरोबर वाटते नं?" ज्याला आपला ओठ कुठे आहे तेच कळत नाही, त्याला दाढेचं काय कळणार? तुम्ही मान हलवली, आणि मी पुढच्याला हाक मारली. उठवून बसवायला हवं होतं. बधिरपणा गेल्यावर मीच बोलावून पाहायला हवं होतं. मी काय म्हटलं? "त्रास झाला तर या." आणि तुम्ही आला नाहीत, म्हणून मी समजले की त्रास नाही.

का आला नाहीत, ते मनकर्णाबाईंनी सांगितलं. त्यांच्याच शब्दांत सांगते. "बाई, पह्यल्या डॉक्टरचं आमी वर सांगतलं, तं त्यायले काढून टाकलं. दवाखान्याले कुलूप लागलं. मंग आमी सबन बायायनं ठरवलं, हे बाई चांगली आहे, इले काईच नाई म्हनाचं. दुखते तं दुखू द्या, बाई राहू द्या."

बाई राहू द्या. मला लाज वाटते. दाढ उंच राहिली याची तर वाटतेच, हात कोणाचाही चुकतो. पण तुम्ही मला राखण्यासाठी एका बाजूनं जेवत राहिलात, आणि मी त्याच तुमच्या गप्प राहण्याचं प्रशस्तिपत्र करून चंद्रपूरला निघाले. तुम्ही दुखणं सोसलं, आणि बाई काही राहिली नाही.

मला घ्यायला आलेली गाडी मी थांबवली आहे. खुर्चीवर घातलेली चादर खुशालभाऊ काढून येताहेत... हो, आलेच. नवे डॉक्टर येतील, त्यांना पहिल्याच दिवशी सांगा, दुखतंय म्हणून. सांगितल्यानं डॉक्टर जाणार नाहीत, ही जबाबदारी आदेश सरांनी इथंच, तुमच्यासमोर घ्यावी. सर, मान हलवून चालणार नाही. मानेवर विश्वास ठेवल्यामुळेच हे झालं.

आता ज्यांची दाढ आधी टेकते, त्यांनी हात वर करा.

कोणीच नाही? मी जातेच आहे हो. आता मला कोणी काढू शकत नाही.

मनकर्णाबाई. लटारूभाऊ, शाबास. मागे त्या खांबाशी... अजून... सोमारीबाई? अध्यक्षबाई, तुम्हीसुद्धा?

सत्कार केलात, जेवू घातलंत, लेकीसारखं वागवलंत, त्याबद्दल मी सगळ्यांची ऋणी आहे. शेवटी वक्त्यानं म्हणायचं असतं की माझ्या चुका पदरात घ्या. माझ्या चुका तुम्ही इतके दिवस तोंडात घेऊन बसलात. आज त्या मला परत द्या. अध्यक्षबाई, तुमचं भाषण राहिलं आहे, पण पहिला नंबर तुमचा. चला.