रांगेतली जागा

सोम : तुमच्या भावाची पोरगी शिडीखाली पाय धुऊन उभी आहे. वर ये म्हणू, की परत पाठवू?

देरामन : थांब गं. आधी हे पत्र पुन्हा वाच. डोळे दगा देतायत की डोकं, तेच कळेना.

सोम : तिसऱ्यांदा वाचतेय. ‘आपला पक्ष सरकारात सामील झाला आहे. गावोगावच्या शाखांनी समोरच्यांशी एकोप्यानं राहावं.’ खाली सही, शिक्का.

देरामन : एकोपा! चौदा वर्षं या गावात घसा फोडून सांगितलं, सरकारी पक्षाच्या इमामामागं नमाज होत नाही, त्यांनी कापलेलं जनावर खाऊ नका. आणि आता एका ओळीत एकोपा?

सोम : त्यांच्या इमामानं लावलेले सहा जोडप्यांचे निकाह तुम्ही पुन्हा लावलेत. हलिमाला तर तेव्हा चार पोरं होती. लाजून अर्धी झाली बिचारी.

देरामन : तेव्हा ते बरोबर होतं.

सोम : आणि आता?

देरामन : आता... विचारू नकोस.

सोम : विचारणारच. आपला निकाह इमाम सालेहनी लावला. पुढं ते सरकारी पक्षात गेले. मग मी तुमची बायको आहे की नाही? तेवढं सांगा, म्हणजे भात टाकायचा की नाही ते ठरवते.

देरामन : थट्टा सुचतेय तुला!

सोम : रडून काय होणार? जहरा, ये गं वर. तुझे काका घरातच आहेत, फक्त कुठल्या बाजूला आहेत ते त्यांना ठाऊक नाही.

जहरा : सलाम, मोठे काका. उद्या माझा निकाह आहे. बाबा गेले, आजोबा नाहीत, भाऊ नाही. निकाहात मला देणारा वली म्हणून तुम्हीच उरलात. मला तुमच्याच हातानं जायचंय.

देरामन : निकाह पढवणार कोण?

जहरा : आमच्या मशिदीचे इमाम.

देरामन : म्हणजे त्यांचे. आणि मी नाही आलो तर?

जहरा : काझी वली होतील. लग्न काही अडणार नाही. पण सख्खा काका जिवंत असताना मला परक्यानं द्यायचं?

देरामन : पोरी, तुझा बाप आणि मी गोऱ्यांच्या तुरुंगात एका चटईवर झोपलो. हा मुलूख मलायांचा असं ओरडलो, म्हणून दोघांनी मार खाल्ला. स्वातंत्र्य आलं आणि दाऊद सरकारी झेंड्याखाली गेला. मी म्हणालो, जिथं दीन-धर्म नाही ते राज्य आपलं कसलं? तो म्हणाला, दादा, आधी राज्य चालू तर दे. कोण चुकलं, ते कालपर्यंत मला सांगता येत होतं. आज येत नाही.

सोम : आज निदान कबूल तरी केलंत.

देरामन : त्याच्या जनाज्यालाही मी आलो नाही, जहरा. इमाम त्यांचा होता म्हणून. तुम्ही शिव्या दिल्या असतील.

जहरा : आईनं दिल्या. बाबा मात्र आधीच सांगून गेले होते, दादा येईल, पहिल्या रांगेत त्याची जागा ठेवा. इमाम ओरडले, रांगेत फट ठेवत नसतात, सरका. कुणी सरकलं नाही.

देरामन : शेवटपर्यंत?

जहरा : शेवटपर्यंत. एका माणसाची जागा तशीच राहिली.

(घराखाली बदकं कलकलाट करतात.)

देरामन : सोम, माझी काळी टोपी कुठं आहे?

सोम : पेटीत. लग्न उद्या आहे, आज कशाला?

देरामन : उद्या पहाटेच निघू. कबरस्तान वाटेतच लागतं. माझी जनाज्याची नमाज राहिलीय, ती कबरीपाशी पढता येते.

सोम : आणि इमाम? आपला की त्यांचा?

देरामन : इमाम नको. दाऊद पुढं असेल, मी मागं उभा राहीन.